विश्लेषण : उन्हात तार तापली की वीज का अडखळते?

मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा ४५ अंशांवर गेला तर आता त्याची फारशी बातमीही होत नाही. पुलगावला लागून असलेल्या नाचणगावात या दिवसांत भर दुपारी ट्रॉलीच्या लोखंडी फाळक्याला हात लागला तर चटका बसतो, लाकडी फळीला मात्र हात टेकवता येतो. त्याच वेळी गावातले कूलर एकदम सुरू होतात, शेतातल्या मोटरी धापा टाकतात, एखाद्या घरात प्लगमधून जळका वास येतो. फाळक्याचा चटका आणि प्लगचा वास या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी धातूत मोकळे फिरणारे तेच इलेक्ट्रॉन आहेत. विजेचा भार तेच वाहतात आणि उष्णतेचाही.

दोन आकड्यांचे साम्य

तांबे विजेचे उत्तम वाहक आहे आणि उष्णतेचेही, हे शाळेच्या पुस्तकात असते. पण पुढचा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. जो धातू विजेला वाट देतो, तोच उष्णतेला का देतो? हा योगायोग आहे का?

तांब्याची क्षमता १०० धरून इतर धातू मोजले की उत्तर दिसू लागते. वीज वाहण्यात चांदीला साधारण १०६ गुण मिळतात, उष्णता वाहण्यात १०७. ॲल्युमिनियमला विजेत ६३, उष्णतेत ५९. नेहमीच्या पितळेला विजेत २८ च्या आसपास, उष्णतेत ३०. लोखंडाला १७ आणि २०. परीक्षा दोन वेगळ्या विषयांच्या आणि गुण जवळपास सारखे. उत्तरपत्रिका एकाच विद्यार्थ्याने लिहिल्या असाव्यात असा संशय यावा, इतके.

हा संशय गुस्ताव्ह वीडेमान आणि रूडॉल्फ फ्रांझ या जर्मन शास्त्रज्ञांना १८५३ मध्ये आला. ठरावीक तापमानाला निरनिराळ्या धातूंमध्ये उष्णतेची आणि विजेची वाहकता यांचे गुणोत्तर जवळपास सारखेच येते, असे त्यांनी मोजून दाखवले. लुडविग लोरेन्झ या डॅनिश शास्त्रज्ञाने १८७२ मध्ये त्यात भर घातली : हे गुणोत्तर तापमानाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा इलेक्ट्रॉन कोणाला ठाऊकच नव्हता. तो जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये शोधला आणि तीनच वर्षांनी पॉल ड्रूड यांनी धातूचे चित्र मांडले. धातूतला प्रत्येक अणू आपला एखादा इलेक्ट्रॉन सोडून देतो, असे सुटलेले इलेक्ट्रॉन वायूसारखे सगळीकडे धावत असतात आणि वीज व उष्णता दोन्हीची ने-आण तेच करतात.

ड्रूड यांचे उत्तर मोजमापांशी बऱ्यापैकी जुळले. गंमत अशी की ते चुकीच्या कारणाने जुळले होते. प्रत्येक इलेक्ट्रॉन उष्णता साठवतो असे त्यांनी धरले, प्रत्यक्षात शंभरात एखादाच साठवतो. आणि इलेक्ट्रॉनचा वेग त्यांनी फार कमी धरला होता. एक चूक जितकी वर गेली तितकीच दुसरी खाली आली आणि हिशेब बरोबर सुटला. खरे कारण आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी १९२७-२८ मध्ये पुंजभौतिकीच्या आधारे दिले. खच्चून भरलेल्या एसटीत मधल्या प्रवाशाला हलायलाही जागा नसते, हालचाल होते ती दाराजवळच्यांची. धातूतल्या इलेक्ट्रॉनचेही तसेच आहे. ऊर्जेच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जे उभे आहेत, तेवढेच उष्णता घेऊ-देऊ शकतात. पण त्यांचा वेग प्रचंड असतो : तांब्यात सेकंदाला सुमारे दीड हजार किलोमीटर.

चंद्रपूरचा इलेक्ट्रॉन नाचणगावात येतो का?

येत नाही. विजेबद्दलचा हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

घरात वापरतात त्या अडीच चौरस मिलीमीटर जाडीच्या, एक मीटर लांबीच्या तांब्याच्या तारेत मोकळे इलेक्ट्रॉन किती? दोनावर तेवीस शून्ये मांडली की होणाऱ्या संख्येइतके. ते सेकंदाला दीड हजार किलोमीटर वेगाने धावतात, पण सगळे वेगवेगळ्या दिशांना. त्यामुळे एकंदरीत कोणीच कुठे जात नाही. बटण दाबले की या धावपळीला एका बाजूचा अगदी हलका कल मिळतो. या तारेतून १० अँपिअरचा प्रवाह एकाच दिशेने वाहिला, तर इलेक्ट्रॉनचा जमाव सेकंदाला ०.३ मिलीमीटर सरकतो. म्हणजे तासाला जेमतेम मीटरभर. गोगलगाय पुढे जाईल.

आपल्या घरातली वीज तर एकाच दिशेनेही वाहत नाही. ती सेकंदाला ५० वेळा पुढेमागे होते. त्यामुळे तारेतला इलेक्ट्रॉनचा जमाव जागच्या जागी मिलीमीटरच्या हजाराव्या भागाएवढा झुलत राहतो. त्यात गावच्या डीपीत दोन वेगवेगळी वेटोळी असतात आणि त्यांच्यात धातूचा जोड नसतो. ऊर्जा पलीकडे जाते ती चुंबकीय क्षेत्रातून. म्हणजे चंद्रपूर किंवा कोराडीच्या वीज केंद्रातून नाचणगावात ऊर्जा येते, इलेक्ट्रॉन नाही. घरातल्या तारेतले इलेक्ट्रॉन त्या तारेबरोबरच दुकानातून आलेले असतात.

मग दिवा लगेच कसा लागतो? मोटरपासून वाफ्यापर्यंतचा पाइप आधीच पाण्याने भरलेला असेल, तर मोटर सुरू करताच दुसऱ्या टोकाला पाणी पडते. ते पाणी विहिरीतून आत्ता निघालेले नसते, पुढे आलेला असतो तो दाब. तारेत हा ‘दाब’ प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावतो.

दूध तळाला का लागते?

उष्णतेचा प्रवास याहून वेगळा आहे. इथे जमावाने एका बाजूला सरकायची गरज नसते. पातेल्याच्या तापलेल्या भागातले इलेक्ट्रॉन जादा ऊर्जा घेऊन थंड भागाकडे जातात, तिकडचे कमी ऊर्जेचे इकडे येतात. माणसे तितकीच राहतात, सामान मात्र इकडून तिकडे पोहोचते.

स्वयंपाकघरात याचा पुरावा रोज मिळतो. स्टेनलेस स्टीलच्या पातळ पातेल्यात दूध तापवले की गॅसच्या ज्योतीच्या बरोबर वर तळाला लागते, कडेला मात्र ते कोमटच असते. स्टील उष्णता आडवी पसरवू शकत नाही. उष्णता वाहण्यात तांबे त्याच्या पंचवीसपट पुढे आहे. म्हणून चांगल्या स्टीलच्या भांड्यांना तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा तळ देतात, आणि म्हणूनच पूर्वी घरोघरी अंघोळीचे पाणी तापवायला तांब्याचा बंब होता. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी वसली ती याच धातूच्या जोरावर. उलट स्टीलच्या कढईचा स्टीलचाच दांडा बराच वेळ हातात धरता येतो. जो अवगुण तळाशी नडतो, तोच दांड्यात कामाला येतो.

स्टीलला हा अवगुण चिकटला कसा? यासाठी शेताकडे पाहावे लागेल. सोयाबीनची तासे सरळ पेरलेली असतील तर डवरा न अडखळता चालतो. रोपे ओळ सोडून उगवली असतील तर पावलोपावली अडकतो. शुद्ध तांब्यात अणूंची तासे सरळ असतात आणि इलेक्ट्रॉन त्यांच्यातून सहज जातो. नेहमीच्या तापमानाला सुमारे १५० अणू ओलांडल्यावर त्याची पहिली धडक होते. पितळेत साधारण दर तिसऱ्या जागी तांब्याऐवजी जस्त येऊन बसते. स्टेनलेस स्टीलमध्ये लोखंडाच्या जागी क्रोमियम आणि निकेल जिथे तिथे घुसलेले असतात. पेरणी विस्कटली की वीजही अडखळते आणि उष्णताही, कारण दोन्हींचा वाहक एकच.

स्टेनलेस स्टीलचे गुण मात्र थोडे फसवे आहेत. तांब्याला १०० धरले तर विजेत त्याला अडीचही मिळत नाहीत, उष्णतेत चारच्या आसपास मिळतात. हे जास्तीचे गुण कुठून आले? उष्णतेला इलेक्ट्रॉनशिवाय आणखी एक वाट असते. एक अणू थरथरला की शेजारचा थरथरतो, त्याच्या शेजारचा थरथरतो. तांब्यात ही वाट इलेक्ट्रॉनपुढे किरकोळ ठरते, स्टीलमध्ये ती नजरेत भरते. लाकडात तर तेवढीच असते आणि तीही वेडीवाकडी. म्हणून थंडीच्या सकाळी विळ्याचे पाते गार लागते आणि मूठ लागत नाही, जरी दोन्ही रात्रभर एकाच ओसरीत पडलेली असतात. पाते मुठीपेक्षा थंड नसते, ते हातातली उष्णता वेगाने पळवते. हिऱ्यात ही थरथरीची वाट इतकी सरळ आहे की मोकळे इलेक्ट्रॉन नसतानाही तो तांब्याच्या सुमारे पाचपट उष्णता वाहतो. विजेला मात्र हिऱ्यात वाट नाही.

वीडेमान आणि फ्रांझ यांचा नियम काही धातूंसारख्या पदार्थांत खुद्द इलेक्ट्रॉनही मोडतात. व्हॅनेडियम डायऑक्साइड साधारण ६७ अंशांच्या वर धातूसारखे वीज वाहू लागते, पण त्यातले इलेक्ट्रॉन अपेक्षेच्या जेमतेम दहावा हिस्सा उष्णता नेतात, असे अमेरिकेतील बर्कली येथील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अरिंदम घोष यांच्या गटाला अतिशुद्ध ग्राफिनमध्ये अतिथंड तापमानाला उलटी गोष्ट दिसली. हे संशोधन २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे हे गुणोत्तर नियमाच्या दोनशेपटींहून अधिक निघाले. घरातल्या तारेपर्यंत यातले काही पोहोचलेले नाही, पण वीज आणि उष्णता यांची जोडी सोडवता येते एवढे सिद्ध झाले आहे.

पारा चढला की काय होते?

आता पुन्हा मे महिना. तांबे तापले की त्यातले अणू आपल्या जागी जास्त जोराने थरथरतात. तासे सरळच असतात, पण वाऱ्याने रोपे डोलू लागावीत तशी अवस्था होते. इलेक्ट्रॉनच्या धडका वाढतात. याचा हिशेब पक्का आहे : तापमान एक अंशाने वाढले की तांब्याचा रोध सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांच्या सकाळपेक्षा ४५ अंशांच्या दुपारी तो जवळजवळ १० टक्के जास्त असतो. तार उन्हात ६० अंशांपर्यंत गेली तर १५ टक्क्यांहून अधिक.

मग उष्णता वाहण्याची क्षमताही तितकीच घटायला हवी. ती घटत नाही. २७ अंशांवरून सव्वाशे अंशांपर्यंत तांब्याची उष्णतावाहकता दोनच टक्क्यांच्या आसपास कमी होते. लोरेन्झ यांनी सांगितलेले तापमानाचे प्रमाण इथे दिसते. धडका वाढतात हे खरे, पण गरम धातूतला प्रत्येक इलेक्ट्रॉन दर फेरीला जास्त उष्णता उचलतो. फेऱ्या लहान झाल्या, बोजा वाढला, एकूण माल तेवढाच पोहोचला. विजेच्या बाबतीत अशी भरपाई नाही, कारण इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार तापमानाने वाढत नाही.

मोटर दुरुस्त करणाऱ्यांना याचा उपयोगही होतो. बंद डब्यातली मोटरची गुंडाळी किती तापली हे थर्मामीटर न घालता कळते. थंड असतानाचा आणि चालून गरम झाल्यावरचा रोध मोजला की तापमान निघते. ३१ टक्के वाढ दिसली तर २० अंशांची गुंडाळी १०० अंशांवर गेली असे समजावे.

उन्हाळ्यात तारा लोंबतात त्याचा दोष मात्र इलेक्ट्रॉनवर टाकता येत नाही. अणूंमधले अंतर वाढते आणि तार लांब होते. पुलगाव स्थानकातून जाणाऱ्या मुंबई–नागपूर मार्गावर रुळांवरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेला हे परवडत नाही, कारण इंजिनाचा पँटोग्राफ तिला घासत धावतो. ही तार १०७ चौरस मिलीमीटरची, ताणून कडक केलेल्या तांब्याची असते. कडक करताना अणूंच्या ओळी मुरडतात, पण विजेची वाट त्याने दोन-तीन टक्केच अरुंद होते; ताकदीसाठी दुसरा धातू मिसळण्यापेक्षा हा सौदा स्वस्त. अशी ७५० मीटर तार ४० अंशांनी तापली की अर्धा मीटर वाढते. रुळांलगत काही खांबांवर कप्पीला टांगलेली वजने दिसतात ती त्यासाठीच. तार वाढली की ती खाली सरकतात, रात्री गारवा आला की वर चढतात आणि ताण तेवढाच राहतो.

विहिरीवरच्या मोटरीचा हिशेब

गावच्या लाइनवर तांबे नसते, ॲल्युमिनियम असते. आकारमानाने पाहिले तर ते तांब्याच्या ६० टक्क्यांहून थोडीच जास्त वीज वाहते, पण वजनाने तिपटीहून अधिक हलके आहे. किलोमागे हिशेब केला तर ते तांब्याच्या दुप्पट काम करते. त्याला ताकद नाही, म्हणून मध्ये पोलादी तार घालतात. अशा तारांना जाडीनुसार प्राण्यांची नावे आहेत : वीझल, रॅबिट, डॉग, पुढे पँथर आणि झेब्रा. ‘इथे रॅबिट टाकायला पाहिजे होती’ असे वायरमन म्हणाला तर तो सशाबद्दल बोलत नसतो.

खरा तोटा होतो तो डीपीपासून विहिरीपर्यंत शेतकऱ्याने स्वतः टाकलेल्या केबलमध्ये. पाच अश्वशक्तीची थ्री फेज मोटर साधारण साडेसात अँपिअर घेते. विहीर ३०० मीटर दूर आहे आणि स्वस्त पडते म्हणून अडीच चौरस मिलीमीटरची ॲल्युमिनियम केबल टाकली, असे धरू. २० अंशांना तिच्या प्रत्येक तारेचा रोध ३.४ ओहम होतो, ६० अंशांना ३.९. तिन्ही तारा मिळून साडेसहाशे वॅटहून अधिक वीज निव्वळ केबल तापवण्यात जाते. दीड तासात जवळपास एक युनिट. मोटरीपर्यंत पोहोचेतो ४० ते ५० व्होल्ट गळतात. चार चौरस मिलीमीटरची तांब्याची केबल असती तर हीच नासाडी अडीचशे वॅटच्या आसपास राहिली असती.

गोष्ट नासाडीवर थांबत नाही. व्होल्टेज पडले तरी मोटरीला पाणी तेवढेच उचलायचे असते, म्हणून ती जास्त प्रवाह खेचते. प्रवाह वाढला की तापणे त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते : प्रवाह सव्वापट झाला तर उष्णता दीडपटीहून जास्त. तापलेल्या गुंडाळीचा रोध आणखी वाढतो, ती आणखी तापते. शेवटी तारेवरचा वॉर्निशचा लेप जळतो आणि गुंडाळी पुन्हा भरायची पाळी येते. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेलेले असते, मोटर जास्त तास चालते आणि लाइनवर सगळ्यांचा भार एकदम असतो. मे महिन्यात मोटरी जळतात त्या या सगळ्यामुळे. मोटर विकत घेताना दहा दुकाने फिरणारा माणूस केबल घेताना शंभर रुपये वाचवायला पाहतो, हे मात्र समजण्यापलीकडचे आहे.

सगळ्यात धोकादायक जागा : जोड

घरात तार जळते ती बहुतेक वेळा मधेच जळत नाही, जोडावर जळते. प्लगचा स्क्रू ढिला झाला की दोन धातू पूर्ण टेकत नाहीत, एक-दोन ठिपक्यांवर टेकतात. सगळ्या प्रवाहाला तेवढ्याच फटीतून जावे लागते. दोन हजार वॅटचा गीझर किंवा इंडक्शन शेगडी साधारण नऊ अँपिअर घेते. ढिल्या जोडाचा रोध अर्धा ओहम झाला तर त्या एका ठिपक्यावर ४० वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा सोल्डरिंग आयर्न एवढ्याच वॅटचा असतो. तो भिंतीतल्या बोर्डात चालू ठेवल्यासारखे हे आहे, आणि त्याने एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह ठरल्यापेक्षा जास्त नसतोच.

तांब्याची आणि ॲल्युमिनियमची तार नुसती पिळून जोडली तर धोका वाढतो. ॲल्युमिनियमवर हवेत क्षणात ऑक्साइडचा थर चढतो आणि त्यात मोकळे इलेक्ट्रॉन नसल्याने वीज अडते. पावसाळ्याची ओल शिरली की दोन धातूंत रासायनिक क्रिया सुरू होऊन जोड खात जातो. तापताना दोन्ही धातू वेगवेगळे प्रसरण पावतात, म्हणून पीळही सैल पडतो. अशा ठिकाणी दोन धातूंसाठी बनवलेला बायमेटॅलिक लग लावायचा असतो. त्याची किंमत जळालेल्या बोर्डापुढे काहीच नाही.

जोड तापला की तांब्याचे इलेक्ट्रॉन आपले दुसरे काम चोख करतात. ते ती उष्णता तारेतून मागे नेतात. नेहमीच्या पीव्हीसी वेष्टनाची मर्यादा ७० अंश असते. त्यामुळे स्क्रूपासून काही बोटे लांबवर ते आधी पिवळे पडते, मग कडक होते, मग तडकते. बोर्ड उघडल्यावर तार टोकाला काळी आणि पुढे पिवळसर दिसली तर आग लागायच्या आधीची खूण सापडली असे समजावे. मेन स्विच बंद करून तेवढा तुकडा कापावा, नवे टोक सोलावे आणि स्क्रू घट्ट आवळावा. जुन्या काळ्या टोकावरच स्क्रू आवळला तर जोड पुन्हा तापतो, कारण काळा थर वीज वाहत नाही.